अप्पा बळवंत चौकात भेटलेल्या काकांना

काका,

स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. फोन नंबरही घेतला नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल, पण तुमच्या ओळखीचं कोणी वाचलं तर तुम्हाला नक्की सांगेल. शॉर्टहँड येणारे, विद्यापीठाच्या कचेरीतून निवृत्त झालेले आणि दुसऱ्याच्या प्रुफात डोकावणारे काका पुण्यात किती असतील? (असतील बरेच, पण तरी.)

तुम्हाला आठवावं म्हणून सांगते. नोव्हेंबर २०२३, शनिवारची संध्याकाळ, अप्पा बळवंत चौकाजवळचं डीटीपीचं दुकान. तुम्ही हयातीच्या दाखल्यासाठी झेरॉक्स काढायला आला होतात. मी काउंटरवर आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेची प्रुफं पसरून बसले होते. पुणे विद्यापीठाला फेब्रुवारीत पंचाहत्तर वर्षं पुरी होणार, तेव्हा ‘आपले कुलगुरू’ असा चार पानांचा मजकूर हवा, असं समितीने ठरवलं आणि मराठी शिकवते म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी इकडून तिकडून नावं गोळा केली, पुढे सालं टाकली आणि मोकळी झाले.

तुमचं पहिलं वाक्य होतं, “बाई, हे गाडगीळ चुकलेत.”

ओळख ना पाळख. परक्या माणसाच्या कागदात डोकावून चूक काढणं याला बाहेरगावी आगाऊपणा म्हणत असतील, आपल्याकडे ती सार्वजनिक सेवा आहे. मला मात्र त्या क्षणी राग आला होता, हे कबूल करते. मग तुम्ही माझी ओळ मला वाचून दाखवलीत: ‘काकासाहेब गाडगीळ, १९६४ ते १९६७. थोर अर्थतज्ज्ञ, गोखले संस्थेचे पहिले संचालक, पंजाबचे माजी राज्यपाल.’ आणि म्हणालात, “काकासाहेब जानेवारी सहासष्टमध्ये गेले. तुम्ही त्यांना सदुसष्टपर्यंत जगवलंत आणि धनंजयरावांना जन्मालाच घातलं नाहीत.”

लागोपाठ दोन गाडगीळ कुलगुरू! न. वि. म्हणजे काकासाहेब आणि ध. रा. म्हणजे धनंजयराव. मी दोघांचा मिळून एक माणूस केला होता. राज्यपाल होते ते काकासाहेब, स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम आणि वीज खातं सांभाळलेले, १९६२मध्ये साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले. गोखले संस्था, म्हणजे पुण्यातली अर्थशास्त्राची संशोधन संस्था, उभी केली ती धनंजयरावांनी, १९३०पासून. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामागे ज्यांची विद्वत्ता उभी होती, तेही हेच. एक राजकारणातून आलेला, दुसरा आकडेवारीतून. दोघांत सामाईक काय, तर आडनाव आणि ती खुर्ची.

त्यानंतर समोरच्या अमृततुल्यमध्ये दोन चहा झाले आणि पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचे आभार मानायला हे पत्र आहे.

मी तुम्हाला विचारलं, कर्वे तरी बरोबर आहेत ना? तुम्ही हसलात. तिथेही घोळच होता. मी त्यांना महर्षी कर्व्यांचे चिरंजीव करून टाकलं होतं. विद्यापीठाचे कुलगुरू झाले ते द. गो. कर्वे, अर्थशास्त्राचे, १९५५च्या ग्रामोद्योग आणि लघुउद्योग समितीमुळे ज्यांचं नाव देशभर झालं ते. महर्षींचे चिरंजीव दि. धों. हे फर्ग्युसनचे प्राचार्य. “पुण्यात आडनावावरून माणूस ओळखायला जाऊ नये,” असं म्हणून तुम्ही दुसरा चहा सांगितलात.

मग तुम्ही मला विचारलंत की यादी तर झाली, पण ही माणसं इथे येण्याआधी कोण होती ते पाहिलं का? मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात जयकर म्हणजे जयकर ग्रंथालय. एम.ए.ची दोन वर्षं तिथे काढली, पंख्याखालची जागा पकडायला सकाळी पळत गेले, पण जयकर कोण हा प्रश्न पडला नाही. तुम्ही सांगत गेलात. आपले पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, नंतर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर. पुणे कराराच्या वेळी तेजबहादूर सप्रूंबरोबर मध्यस्थीला धावलेले. संविधान सभेची जागा त्यांनी सोडली आणि फाळणीमुळे बंगालमधली जागा गमावलेले बाबासाहेब १९४७मध्ये मुंबईतून त्याच रिकाम्या जागेवर निवडून आले. मी वर्गात संविधान दिनाला इतकी वर्षं भाषणं ठोकते, पण हे मला ठाऊक नव्हतं.

आणि त्याच्या पुढचा धागाही तुम्हीच जोडलात. हिंदू कोड बिल अडकलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१मध्ये मंत्रिपद सोडलं. ते बिल पुढे तुकड्यातुकड्यांनी, विवाहाचं आणि वारशाचं असं, १९५५-५६मध्ये संसदेतून पार नेलं ते कायदा खात्याच्या हरिभाऊ पाटसकरांनी. तेच पाटसकर १९६७ ते ७० आपले कुलगुरू. माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे फक्त ‘ज्येष्ठ नेते’ एवढं होतं.

जयकरांची आणखी एक गंमत मी त्याच रात्री शोधली. १९२७मध्ये देशातल्या रस्त्यांसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते. ज्यांच्या समितीमुळे मध्यवर्ती रस्ते निधी आला, त्यांच्याच विद्यापीठाच्या दारातल्या चौकात आम्ही पाऊण पाऊण तास उभे. तिथला उड्डाणपूल २०२०मध्ये पाडला तेव्हापासूनची धूळ माझ्या स्कूटरने सोसली आहे.

तुम्ही नोकरीला लागलात ते महाजनींच्या काळात आणि सुटलात कोळसकरांच्या. म्हणजे दाभोलकर, ताकवले, भिडे, गुप्ते, गोवारीकर, निगवेकर सगळे तुम्ही जवळून पाहिलेले. तरी त्यांच्या खाजगीतलं एक अक्षर तुम्ही बोलला नाहीत. मी एकदोनदा खडा टाकून पाहिला. “स्टेनोने ऐकलेलं स्टेनोच्या वहीत राहतं आणि ती वही वर्षाच्या शेवटी फाडतात,” एवढंच उत्तर. स्मरणिकेला चटकदार मजकूर हवा होता म्हणून तेव्हा हिरमुसले, पण घरी येताना तुमच्याबद्दलचा आदर वाढला होता.

तुमचा एक सिद्धांत मात्र मी मजकुरात वापरला आहे, परवानगी न विचारता. तुम्ही म्हणालात, आधीच्यांसाठी हे शेवटचं स्टेशन होतं, नंतरच्यांसाठी जंक्शन झालं. जयकर आले तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले. १८९९चे सीनियर रँग्लर (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले), फर्ग्युसनचे प्राचार्य, लखनौचे कुलगुरू आणि ऑस्ट्रेलियात हायकमिशनर होऊन आलेले परांजपे १९५६मध्ये ऐंशीचे. दत्तो वामन पोतदारांनी भारत इतिहास संशोधक मंडळात आयुष्य घालवलेलं. सगळं करून झाल्यावर, गावाला काही देणं लागतो अशा भावनेने येऊन बसलेली माणसं. आणि मग धनंजयराव. ते १९६७मध्ये इथून उठून थेट नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदावर दिल्लीला गेले. पुढे ताकवले इथून मुक्त विद्यापीठाकडे वळले, नाशिकचं उभं केलं, मग इग्नू. निगवेकर यूजीसीवर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगावर. शेवगावकर आयआयटी दिल्लीला. म्हणजे मी जे गाडगीळ गाळले, गाडीने रूळ बदलला तो नेमका त्यांच्यापाशी!

सिद्धांत थोडा ओढूनताणून आहे, काका. धनंजयरावांच्या पाठोपाठ आलेले पाटसकरही पंचाहत्तरीचेच होते आणि महाजनी राजस्थान, दिल्ली अशी विद्यापीठं करून आले होते. गोवारीकर तर केरळातल्या थुंब्याच्या तळावरचे अग्निबाण आणि मान्सूनचं सोळा घटकांचं प्रारूप असं सगळं करून मग १९९५मध्ये इथे आले. पण वाचताना मजा येते, म्हणून ठेवला.

एक गोष्ट मी माझ्या मनाची घातली. १९४९मध्ये अठरा महाविद्यालयांनिशी सुरू झालेल्या या विद्यापीठाला २०१४मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं आणि वीसहून जास्त कुलगुरूंच्या यादीत एकही बाई नाही. समितीतल्या एकांनी हे वाक्य काढायला सांगितलं. मी तुमचीच पद्धत वापरली, यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, चूक दाखवा. वाक्य राहिलं.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. उठताना तुम्ही विचारलंत, “तुमच्या पदवीवर कोणाची सही आहे?” मला सांगता आलं नाही. घरी येऊन फ्रेम भिंतीवरून उतरवली, १९९७चं एम.ए., सही गोवारीकरांची. सव्वीस वर्षं ती चौकट पुसते आहे, सही वाचली नव्हती. मग बाबांची ट्रंक उघडली. बाबा आयुष्यभर सांगत आले आहेत, “माझी बी.ए.ची पदवी काकासाहेबांच्या सहीची.” पाहुणे आले की हमखास. प्रमाणपत्र पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय, आणि सहीत आद्याक्षरांचा नुसता फरांटा, त्यापुढे ‘गाडगीळ’ तेवढं लागतं. खाली तारीख डिसेंबर १९६६.

काका, तुमच्यामुळे ती तारीख मला वाचता आली. एरवी मीही काकासाहेबच म्हटलं असतं.

बाबा ब्याऐंशीचे आहेत. सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला. शेवटी जेवताना सांगितलं. त्यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, “गाडगीळच ना? मग झालं.” पण दुपारी ट्रंकेजवळ बसून, भिंग लावून, ते सही बघत होते.

स्मरणिका छापून आली आहे. दोन्ही गाडगीळ वेगवेगळ्या परिच्छेदांत आहेत. तुमच्यासाठी एक प्रत त्याच दुकानात, लॅमिनेशनच्या मशीनशेजारच्या खणात ठेवली आहे. दुकानवाल्याला ‘हयातीचा दाखला’ एवढं सांगा, तो देईल. पान एकोणीसवर तळाला आभारात ‘एक जाणकार वाचक’ असं लिहिलंय, ते तुम्ही. आणि काही चुकलेलं सापडलं, सापडेलच, तर पेन्सिलीने खूण करून प्रत तिथेच ठेवा. मी दर शनिवारी जाते.

आपली नम्र,
प्रुफंवाली बाई