बीएलच्या मागच्या बाजूला

महोदय,

‘इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे झाली, आता वसाहतवादाचे रडगाणे पुरे, गरीब देश आपल्याच आळसाने गरीब राहतात’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्याकडे वाचले. मी न्हावा-शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे डॉक्युमेंटेशनचे काम करून निवृत्त झालो. त्या गृहस्थांना एक कागद दाखवावासा वाटतो.

तो कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने चढवलेल्या मालाची दिलेली पावती, आमच्या बोलण्यात बीएल. पुढच्या बाजूला माल, कंटेनर नंबर, बंदरांची नावे. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत अटी, ज्या कोणी वाचत नाही. कित्येक बड्या लाइनांच्या, म्हणजे जहाज कंपन्यांच्या, बीएलवर तिथे स्पष्ट लिहिलेले असते : कायदा इंग्लंडचा आणि दावा लंडनच्या हायकोर्टात. द्राक्षे निफाडची, बंदर उरण तालुक्यातले, माल उतरणार रॉटरडॅमला, आणि भांडायचे झाले तर जायचे लंडनला! एका हंगामात वाटेत रीफर, म्हणजे थंड कंटेनर, बंद पडून द्राक्षे सडली. बागायतदार आमच्या ऑफिसात येऊन बसला. साहेबांनी त्याला तिकडच्या वकिलाची फी अंदाजाने सांगितली. ‘म्हणजे झालंच की,’ एवढे बोलून तो नाशिकच्या एसटीला गेला.

बरे, ही द्राक्षे बरेचदा कन्साइनमेंटवर जातात, म्हणजे भाव माल तिकडे पोचल्यावर ठरणार. भाडे मात्र डॉलरच्या हिशेबाने. रुपया घसरला की तेही चढते. माझी मुलगी समाजशास्त्रात एम.ए. करते. तिच्या अभ्यासात याला केंद्र आणि परीघ म्हणतात. परिघावरच्याने पहाटे चारला उठून छाटणी केली तरी अटी लिहिणारा केंद्रातच बसलेला असतो, असा मी त्याचा अर्थ लावला. यात आळस कुठे शोधायचा?

आपल्या लोकांनी जहाजे काढलीच नाहीत, असेही नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सहकाऱ्यांबरोबर सिंदिया कंपनी उभी केली आणि 5 एप्रिल 1919 रोजी तिची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिची कोंडी केली आणि 1923 च्या कराराने तिला किनारी वाहतुकीपुरते बांधून ठेवले. 5 एप्रिलला आपण नौवहन दिन साजरा करतो. या कराराबद्दल भाषणांत कधी ऐकले नाही. परदेशी जहाज कंपन्यांना देश वर्षाला सुमारे 75 अब्ज डॉलर देतो, हे मात्र खुद्द पंतप्रधानांनी सप्टेंबर 2025 मध्ये भावनगरला सांगितले.

सगळे खापर इंग्रजांच्या माथी मारायचे नाही. आमची भातशेती ज्या भूसंपादन कायद्याने गेली तो 1894 चा. पण तो आमच्यावर चालवला आपल्याच सरकारने. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या शेतकरी आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण गेले, तेव्हा बंदुका आपल्याच पोलिसांच्या हातात होत्या. तो कायदा जायला 1 जानेवारी 2014 उजाडला. बिल ऑफ लेडिंगचा कायदा तर 1856 चा, म्हणजे उठावाच्या आधीचा. तो 2025 पर्यंत चालला. साहेब गेला, त्याची हत्यारे आपल्या राज्यकर्त्यांनी तेल घालून ठेवली. दक्षिण कोरियानेही परकी सत्ता सोसली, पण तिथल्या सरकारने गोद्यांमागे पैसा उभा केला. आज त्यांच्या लाइनेचे कंटेनर आपल्या रस्त्यांवरून धावतात.

म्हणून एक नेमकी मागणी. आपल्या देशातून चढलेल्या मालाचा दावा आपल्या कोर्टात चालवायला आडकाठी करणारी बीएलवरची अट ऑस्ट्रेलियाने 1991 च्या कायद्यात रद्दबातल ठरवली. तीही इंग्रजांचीच वसाहत होती. आपण समुद्री मालवाहतुकीचा 1925 चा कायदा 2025 मध्ये बदलला, पण असे कलम काही त्यात घातले नाही. ते घालण्याची दुरुस्ती नाशिक, ठाणे आणि रायगडच्या खासदारांनी मिळून संसदेत मांडावी.

— एक निवृत्त डॉक्युमेंटेशन कारकून, उलवे, नवी मुंबई