साठ दिवसांचे गणित आणि दारातला शेवगा

महोदय,

विनापरवाना बांधकामांवर महापालिका हातोडा चालवणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. जरूर चालवावा. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली, ते विसरण्यासारखे नाही. पण त्याच बातमीत ‘नागरिक परवानगी घेण्याचे टाळतात’ असेही म्हटले होते. मी टाळले नाही. रीतसर अर्ज केला आणि २०६ दिवसांनी परवानगी मिळवली. त्या २०६ दिवसांचा हिशेब पाठवत आहे.

महापालिका कोणती ते लिहीत नाही. याला भित्रेपणा म्हणा हवे तर, पण नव्या घरात राहायला जाण्यासाठी लागणारे भोगवटा प्रमाणपत्र मला त्यांच्याकडूनच अजून मिळायचे आहे.

मी एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालो. १९९८ मध्ये धाकट्या भावाने आणि मी मिळून एका एन.ए. (बिनशेती) लेआउटमध्ये साडेतीन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन ठेवला होता. तळमजल्यावर एक बिऱ्हाड, वर एक, एवढेच बांधायचे आहे. दिवाळीनंतर परवानगी, संक्रांतीला पाया आणि पावसाच्या आत स्लॅब, असा आमच्या गवंड्याचा हिशेब होता. आर्किटेक्टनी १४ नोव्हेंबरला ऑनलाइन अर्ज भरला. दुसऱ्याच दिवशी कार्यालयातून फोन आला, ‘सगळ्याचे दोन प्रिंट सेट आणून द्या.’ दिले.

पुढे आठ आठवडे संगणकावर एकच ओळ दिसत होती : छाननी सुरू. सत्तावन्नाव्या दिवशी, १० जानेवारीला, पहिली त्रुटी आली. मोजणी नकाशातले क्षेत्र आणि मालमत्ता पत्रकातले (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीतले) क्षेत्र यांत सात चौरस मीटरचा फरक होता. अशा वेळी जे कमी असेल ते धरायचे, असा नियमच आहे आणि आमच्या नकाशात कमीच धरले होते. तरी प्रतिज्ञापत्र मागितले. सहा दिवसांत करून दिले. त्यानंतर पंचावन्नाव्या दिवशी, १२ मार्चला, दुसरी त्रुटी : मालमत्ता पत्रकाचा उतारा तीन महिन्यांहून जुना आहे, ताजा जोडा. अर्जासोबत जोडला तेव्हा तो ताजाच होता हो! तो जुना झाला तो त्यांच्याच टेबलावर. नवा काढून १५ मार्चला दिला.

तिसरी त्रुटी ८ मेची. प्लॉटमध्ये झाड दिसते, उद्यान विभागाचा ना-हरकत दाखला आणा. झाड म्हणजे कोपऱ्यातला शेवगा. तो सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत आहे, तोडायचा प्रश्नच नव्हता. स्थळपाहणी डिसेंबरातच झाली होती. कनिष्ठ अभियंता ऊन लागते म्हणून त्याच शेवग्याच्या सावलीत उभे होते, टेपचे दुसरे टोक मी धरले होते. १९७५ च्या वृक्ष कायद्याबद्दल मला आदर आहे. शेवग्याबद्दल तर आहेच. पण जे झाड डिसेंबरात डोक्यावर होते ते कागदावर यायला मे उजाडावा लागला. उद्यान विभागाने अकरा दिवसांत दाखला दिला, मग शुल्काचे चलन निघाले, आणि मृग लागला त्या आठवड्यात, ८ जूनला, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात पडले. पाया खणायच्या जागी तोवर घोटाभर चिखल झाला होता.

आता मुद्द्याचे. या सगळ्यात महापालिकेने कायदा एकदाही मोडलेला नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये लिहिले आहे की, अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाईल, अर्थात बांधकाम नियमात बसणारे असेल तर. वाचायला किती छान वाटते. पण त्याच वाक्यात पुढे आहे : किंवा मागितलेल्या माहितीचे उत्तर अर्जदाराने दिल्यापासून साठ दिवस, यांपैकी जे नंतरचे असेल ते. म्हणजे पंचावन्नाव्या दिवशी एक कागद मागा, घड्याळ पुन्हा शून्यावर. आमच्या तारखा वर दिल्याच आहेत, वाचकांनी बोटांवर मोजून पाहाव्यात.

मला कोणी पैसे मागितले नाहीत, हेही नमूद करतो. बाहेर चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, ‘काका, फाइल चालते हो, तिला पाय तेवढे लावावे लागतात.’ मी लावले नाहीत. आणि टेबलामागच्या माणसांचेही मी पाहिले आहे : एका कनिष्ठ अभियंत्याकडे तीन प्रभाग, त्यात निवडणुकीचे काम, त्यात अतिक्रमणाच्या तक्रारी. अर्जाकडे लक्ष जाते तेच मुदत संपत आल्यावर. मग जे पहिले दिसेल ते लिहायचे आणि फाइल वाचवायची. माझ्या मते लबाडीपेक्षा हेच अधिक घडते. पण घरभाडे भरणाऱ्याला दोन्ही सारखेच. महिना नऊ हजारांप्रमाणे आमचे भाडे गेले ते गेलेच, बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपून पुन्हा सह्या कराव्या लागल्या, आणि गवंडी दुसरीकडे लागला. त्याला दोष देत नाही, त्यालाही घर आहे.

मागच्या गल्लीत एकाने परवानगीच्या वाटेला न जाता पाच महिन्यांत घर उभे केले आणि वास्तुशांतही उरकली. मला जेवायला बोलावले होते. त्याला ठाऊक आहे की कधीतरी नियमित होईलच. का ठाऊक नसावे? परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट व त्यांवरची घरे नियमित करणाऱ्या गुंठेवारीच्या कायद्यातली मुदत २००१ ची होती, २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. पिंपरी-चिंचवडमधला बेकायदा बांधकामांवरचा शास्तीकर (दंडाचा कर) २०२३ मध्ये माफ झाला. त्या लोकांच्या अडचणी खऱ्या असतील, मी नाकारत नाही. पण आधी अर्ज करून थांबून राहिलेल्यांना कधी काही माफ झाल्याचे ऐकले आहे का?

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली, छोट्या भूखंडांना त्यात सवलतही आहे. आमचा प्लॉट त्या सवलतीत बसला नाही. नियम सोपे झाले हे खरेच, अडचण नियमांत नाही. माझी मागणी एकच आहे. ज्या काही त्रुटी असतील त्या पहिल्या पंधरा दिवसांत, एकाच पत्रात, मराठीत कळवाव्यात. नंतर नवीन त्रुटी काढायची झाली तर वरिष्ठांनी लेखी कारण द्यावे, आणि त्यासाठी साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजू नयेत. कायदा बदलायला विधिमंडळ लागेल, पण एकदाच सगळे विचारायला आयुक्तांचे एक परिपत्रक पुरते.

‘ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, अपील का केले नाही?’ असे कोणी विचारील. ज्या टेबलावरून जोत्याचा (पायावरच्या चौथऱ्याचा) दाखला घ्यायचा, पुढे भोगवट्याचा घ्यायचा, त्याच टेबलाविरुद्ध अपील करायची छाती मला झाली नाही. कोणाला झाली असल्यास त्यांनी आपल्या सदरात जरूर लिहावे.

पावसाळा संपल्यावर जोते पूर्ण केले आणि जोते तपासणीचा अर्ज भरला. आज एकोणिसावा दिवस. शेवगा जागेवर आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)