लाइन सोपवण्याआधी शिकवायला शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कौशल्यविकासाच्या चर्चेत वेल्डर असतो, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनचा ऑपरेटर असतो, आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा असतो. या सगळ्यांना रोज सकाळी काम वाटून देणारा, नवख्याला शिकवणारा आणि बिघडलं तर लाइन थांबवणारा लाइन लीडर मात्र त्या चर्चेत कुठेच नसतो. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यांत कारखान्याची गुणवत्ता आणि कामगारांची बोटं या दोन्ही गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात. म्हणून हे पत्र.

बॉयलर चालवायचा तर परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वीजकामाच्या सुपरवायझरला परवाना लागतो. सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता कायद्याने ठरवून दिलेली आहे. पण पंधरा-वीस माणसांची लाइन एखाद्याच्या हाती द्यायची तर कोणताही कागद लागत नाही. ‘हात चांगला चालतो’ आणि ‘सुट्ट्या कमी घेतो’ या दोन निकषांवर निवड होते आणि पुढच्या आठवड्यापासून तो मुलगा लीडर होतो. प्रशिक्षण झालंच तर कॉन्फरन्स रूममध्ये एक दिवसाचं: नेतृत्वगुण, सकारात्मक विचार, शेवटी फोटो. दुसऱ्या दिवशी तीन जण गैरहजर असताना लाइन कशी लावायची, हे त्यात कोणी सांगितलेलं नसतं.

आमच्या मते नव्या लीडरला सर्वांत आधी एकच गोष्ट यायला हवी: दुसऱ्याला काम शिकवणं. उत्तम ऑपरेटरला हे आपोआप येत नाही, उलट ते अधिक अवघड जातं. त्याच्या हातात बसलेल्या बारीकसारीक गोष्टी त्याच्या स्वतःच्याच लक्षात येत नाहीत, मग तो त्या सांगणार कशा?

ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल गळू नये म्हणून बसवायची कडी; ती बसवण्याचं काम घ्या. भिंतीवरच्या एसओपीत (कामाच्या ठरलेल्या पद्धतीच्या कागदात) त्याची एक ओळ असते: ‘सील बसवा’. प्रत्यक्षात त्या एका ओळीत पाच पायऱ्या आहेत. बोअर (सील ज्यात बसतं ते भोक) पुसायचा, सीलच्या ओठाला (शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेला) ग्रीस लावायचं, सीलची दिशा पाहायची, मँड्रेलने (दाबायच्या गोल साधनाने) सरळ दाबायचं, खोली तपासायची. प्रत्येक पायरीला एखादी मेख, म्हणजे चुकवून चालणार नाही अशी बारीक गोष्ट, आहे आणि तिला कारणही आहे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी, कारण तेलाचा दाब ओठाला शाफ्टवर दाबून धरतो. उलटं बसलं तर तोच दाब ओठ उचलतो. ग्रीस हवंच, कारण कोरडा ओठ शाफ्टच्या पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो. मँड्रेल सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकायला हवा. हातोडीने एका बाजूला ठोकलं की सील तिरकं बसतं. शाफ्टला स्प्लाइन (दातेरी खाचा) किंवा चावीची खाच असेल तर वर स्लीव्ह (नळीसारखं आवरण) चढवायची, नाहीतर ओठ कापला जातो. यातले काही दोष कारखान्यातल्या लीक टेस्टला सापडतही नाहीत. ते ग्राहकाच्या गाडीत सापडतात, आणि तेव्हा ‘ऑपरेटरची चूक’ असा शेरा मारून फाइल बंद होते.

हे तीन रकान्यांत लिहिता आलं पाहिजे: पायरी, मेख, कारण. मग शिकवण्याचा क्रम येतो. लीडरने काम तीनदा करून दाखवायचं. पहिल्यांदा फक्त पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा मेखांसह, तिसऱ्यांदा कारणांसह. त्यानंतर शिकणाऱ्याने करायचं: आधी न बोलता, चूक होताना दिसली की लगेच थांबवून, मग पायऱ्या बोलत, मग मेखा, मग कारणं. पुढे पहिल्या दिवशी तासातासाने जाऊन पाहायचं आणि हळूहळू फेऱ्या कमी करायच्या. सगळं एका दमात सांगून ‘समजलं ना?’ विचारलं की उत्तर ‘हो’ असंच येतं. मराठी बोलणाऱ्या लीडरच्या हाताखाली बिहार-ओडिशाची मुलं असतात तिथे तर या क्रमाला पर्याय नाही. भाषा अर्धीमुर्धी कळली तरी हातांची हालचाल पूर्ण कळते.

ही पद्धत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 ते 1945 दरम्यान, अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम चालला. कारखान्यांत अननुभवी माणसं भरती होत होती आणि त्यांना शिकवणारे सुपरवायझर कमी पडत होते. त्यासाठी काम शिकवणं, कामाची पद्धत सुधारणं आणि माणसांशी वागणं असे तीन वेगवेगळे अभ्यासक्रम बसवले. प्रत्येक दहा तासांचा, रोज दोन तास याप्रमाणे पाच बैठका, एका गटात साधारण दहा जण. प्रत्येकाने आपल्याच खात्यातलं खरं काम आणून सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचं. युद्धानंतर हे जपानमध्ये गेलं आणि तिथल्या वाहन उद्योगात मुरलं. आज आपल्या कारखान्यांत ज्याला ‘जपानी पद्धत’ म्हणतात तिचा बराचसा पाया हा आहे. भिंतीवरचे बोर्ड आपण उचलले, हे दहा तास मात्र बहुतेक ठिकाणी उचलले नाहीत.

दुसरी अडचण अशी की नवा लीडर लाइन अडली की स्वतः पाना हातात घेतो. ते त्याला येतं, त्यात त्याला समाधान आहे आणि वरिष्ठांनाही तो ‘कष्टाळू’ वाटतो. पण तो स्टेशनवर (लाइनवरच्या एका कामाच्या जागी) उभा राहिला की लीडरची कामं करणारं कोणी उरत नाही. टूल बदलल्यावर फर्स्ट पीस (पहिला नग) तपासायचा राहतो. माल संपत आल्याचं स्टोअरला कळवायचं राहतं. दोन दिवसांपूर्वी आलेला मुलगा काय करतोय ते पाहायचं राहतं. यात दोष त्याचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. आठ-दहा माणसांमागे सगळी स्टेशन येणारा एक जादा ऑपरेटर नसेल, तर पहिल्या गैरहजेरीला लीडरच बदली कामगार होणार. स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणतं स्टेशन कितपत येतं याचा तक्ता) यासाठीच असतं: प्रत्येक स्टेशन किमान तिघांना यावं आणि प्रत्येकाला किमान तीन स्टेशन यावीत. ते ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगवायचं नसतं. महिन्याला पुन्हा तपासायचं असतं, आणि ‘शिकवू शकतो’ हा चौथा टप्पा प्रत्यक्ष शिकवताना पाहूनच भरायचा असतो.

शिफ्ट बदलताना हँडओव्हर मशिनपाशी उभं राहून व्हायला हवा, गेटवर किंवा बसमध्ये चढता चढता नव्हे. त्यासाठी दोन्ही लीडरना दहा मिनिटं एकत्र मिळतील अशी पगारी वेळ द्यावी लागते. सांगायचं काय? कुठला लॉट होल्डवर (अडवून ठेवलेला) आहे, कुठलं टूल संपत आलंय, कुणाला नव्या स्टेशनवर बसवलंय. आणि सर्वांत आधी, कुठल्या मशिनची सुरक्षा-व्यवस्था बंद किंवा बायपास केलेली आहे.

प्रेस शॉपमध्ये दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक येऊ नये अशी सोय असते. वेग वाढवण्यासाठी त्यातलं एक बटण चिकटपट्टीने किंवा पाचर मारून दाबून ठेवतात. लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) शॉर्ट करतात. हे लीडरच्या डोळ्यांदेखत होतं. तो गप्प राहतो, कारण तासाच्या आकड्याचा जाब त्यालाच द्यायचा असतो. दुसरी धोक्याची वेळ म्हणजे अडकलेला पीस काढणं. मशीन ऑटोवर तसंच ठेवून हात घातला जातो, पीस सुटताच सेन्सरला सिग्नल मिळतो आणि पुढची हालचाल सुरू होते. म्हणून आधी वीज आणि हवा बंद, साठलेला दाब मोकळा, स्विचला स्वतःचं कुलूप आणि त्याची किल्ली स्वतःच्या खिशात, मग हात. नियुक्तिपत्रात एक वाक्य स्पष्ट लिहिलेलं असावं: सुरक्षा बायपास असलेलं मशीन बंद ठेवण्याचा अधिकार लीडरला आहे आणि त्या तासाचं उत्पादन त्याच्या नावावर धरलं जाणार नाही. हे लेखी नसेल तर सुरक्षेच्या वर्गाचा उपयोग नाही.

माणसं सांभाळण्याचं प्रशिक्षण आपल्याकडे भाषणातून देतात. ते सरावातून द्यायला हवं. कालपर्यंत एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या मित्राला आज उशिराबद्दल विचारायचं आहे. चोवीस वर्षांच्या डिप्लोमावाल्याला पन्नाशीच्या काकांना दुसऱ्या स्टेशनवर जायला सांगायचं आहे. क्रम साधा आहे: आधी माहिती गोळा करा, मग तोलून ठरवा, मग कृती करा, आणि चार दिवसांनी परिणाम पाहा. बहुतेक नवे लीडर सरळ तिसऱ्या पायरीवर उडी मारतात, तीही सगळ्यांसमोर. जमेल तिथे नव्या लीडरला पहिले तीन महिने त्याच्या जुन्या लाइनऐवजी दुसरी लाइन द्यावी. दोन्ही बाजूंचा अवघडलेपणा बराच कमी होतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. लाइनवरच्या एखाद्या ताईने लैंगिक छळाची तक्रार लीडरला सांगितली, तर ‘आपसांत मिटवून घ्या’ म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक जण काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. समितीतल्या सदस्यांची नावं लीडरला पाठ असली पाहिजेत. तक्रार लिहायला मदत करणं आणि गुप्तता राखणं, एवढीच त्याची भूमिका.

आता पैशाचं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 16,640 रुपये धरा. 26 दिवस, 8 तास या हिशेबाने तासाला 80 रुपये होतात. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे 160. महिन्याला 20 तास ओव्हरटाइम करणाऱ्याला 3,200 रुपये वर मिळतात. त्याला ‘सुपरवायझर’ करून ओव्हरटाइम बंद केला आणि 1,500 रुपये भत्ता दिला, तर बढती मिळून घरी 1,700 रुपये कमी जातात. चांगले ऑपरेटर लीडर व्हायला नाही म्हणतात ते यामुळे. भत्ता ठरवण्याआधी हा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरतात.

कायद्यातलं स्थानही बदलू शकतं. औद्योगिक विवाद कायद्यात सुपरवायझरचं काम करणारा आणि महिना 10,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जात असे. त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये ही मर्यादा 18,000 आहे. न्यायालयं पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचं स्वरूप पाहतात हे खरं, पण बढतीच्या कागदावर सही करणाऱ्या मुलाला यातलं काहीच माहीत नसतं. ते त्याला आधी सांगणं व्यवस्थापनाचं कर्तव्य आहे आणि युनियनचंही.

चाकणमध्ये जर्मन कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या मायदेशी शिकाऊ उमेदवारांना शिकवणाऱ्याला स्वतंत्र परीक्षा असते: तीन तासांचा लेखी पेपर आणि अर्ध्या तासापर्यंतची प्रात्यक्षिक परीक्षा. उद्योगांना शिकाऊ जागा वाढवणं सोपं जावं म्हणून 2003 मध्ये ही अट स्थगित केली होती. 2009 मध्ये ती परत आणली. तिथला औद्योगिक फोरमन होण्याच्या वाटेवरही ही परीक्षा येते. आपल्याकडे कौशल्यांचे स्तर ठरवणारी राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट 2013 पासून आहे आणि पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोयही आहे. पण लाइनवर उभं राहून शिकवून दाखवल्याशिवाय लीडरचं प्रमाणपत्र मिळू नये, एवढी अट त्यात यायला हवी.

आमची सूचना नेमकी आहे. औद्योगिक वसाहतींतल्या संघटनांनी जवळच्या आयटीआयच्या मदतीने दहा जणांचे गट करावेत. शिफ्ट सुटल्यावर किंवा सुरू होण्याआधी रोज दोन तास, पाच दिवस, पगारी. त्यानंतर महिनाभर अनुभवी लीडरच्या सोबत काम. शेवटी परीक्षा लीडरची घेऊ नये. त्याने शिकवलेल्या दोन नव्या कामगारांची घ्यावी. परीक्षकाने स्टेशनवर जाऊन त्यांना काम करायला लावावं आणि प्रत्येक मेखेपाशी ‘हे असं का?’ विचारावं. दोघांनाही कारणं सांगता आली तर लीडर उत्तीर्ण. छोट्या कारखान्यांना एकट्याने हे झेपणार नाही, म्हणून प्रशिक्षकांचा खर्च पहिली दोन वर्षं राज्याच्या कौशल्य विभागाने उचलावा आणि कंत्राटी कामगारांच्या लीडरनाही त्यात घ्यावं. शिकवलं जाण्याची सर्वांत जास्त गरज त्याच लाइनवर आहे.

आपले,
औद्योगिक प्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक
पिंपरी-चिंचवड