आमच्या मशीनकाकींना

प्रिय काकी,

मुलांनी तुमचं ‘मशीनकाकी’ असं बारसं केलंय, ते एव्हाना तुमच्या कानावर आलंच असेल. हे पत्र घरी आणून दिलं असतं, तर तुम्ही ते घडी करून देवाच्या फळीवर ठेवलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. गोव्यातल्या आमच्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या आणखी काही शाळांनी ते वाचावं आणि आपापल्या बाजारातल्या शिवणवाल्यांकडे जावं, हा स्वार्थही त्यात आहे.

आमच्या शाळेत माहितीची वानवा कधीच नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या ध्येयांतलं बारावं ध्येय जबाबदार उपभोगाचं, हे आमची मुलं झोपेतही सांगतील. केवडियाहून २०२२ मध्ये सुरू झालेल्या, पर्यावरण जपणाऱ्या राहणीच्या ‘मिशन लाइफ’ची शपथ झाली, घोषवाक्यं झाली, चार्टपेपरवर पृथ्वी रंगवून झाली. (त्या चार्टपेपरांचं पुढे काय होतं, ते विचारू नका.) आणि चेन बिघडली की याच मुलांची दप्तरं केरात जात होती.

तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात शिवणाचं मशीन मांडलंत आणि पहिलंच तसलं एक दप्तर मांडीवर घेतलंत. चेनचे दात सगळे शाबूत होते. रनर तेवढा सैल पडलेला, म्हणून तो पुढे गेला की मागचे दात उघडत होते. पकडीने रनरची एक कड किंचित दाबलीत, मग दुसरी, बेताबेताने, कारण जोर लावला की रनर फुटतो. दातांवर मेणबत्तीचा तुकडा फिरवलात. चेन लागली! नवं दप्तर मिळणार म्हणून खुशीत असलेल्या त्या मुलीचा चेहरा मात्र पडला. तुम्ही ते बघून हसलात आणि पुढच्याला हाक मारलीत, “पयलीं बॅग हाड, मागीर रड!” (आधी बॅग आण, मग रड!) आता वर्गात कोणी कसलीही तक्रार घेऊन आलं की बाकीचे हेच ओरडतात.

एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलेय. पण जून-जुलैत आमच्या कौलांवरून वाहणारं पाणी पाहिलेल्या पोरांना त्या आकड्याचं काय वाटणार? तुम्ही आकडा सांगितलाच नाहीत. दोन गणवेशांच्या पँटी उलट्या करून बाकावर टाकल्यात. तयार घेतलेल्या पँटला खाली जेमतेम बोटभर कापड दुमडलेलं, शिवून घेतलेलीला चांगली दोन-अडीच इंच दुमड. वाढत्या वयाचं पोर. दुमड उसवायची, इस्त्री फिरवायची, नवी टीप मारायची, की तीच पँट पुढच्या वर्षाला चालते. बोटभरवालीचं काही करता येत नाही. ती टाकली, तर टेरीकॉटमधलं पॉलिएस्टर कुजत नाही आणि सुतापासून सहजी सुटतही नाही. परवा एक आई कुरकुरत होती, पोरगा दुकानदारासमोर कपडा उलटा करून बघतो, लाज आणतो. आणू दे.

सगळ्यात मोठं ऋण मात्र शिवणाचं नाही. लहान झालेल्या गणवेशांचं वाटप करायचं म्हणून गरजू मुलांची यादी करावी, अशी सूचना बैठकीत आली होती. तुम्ही दोरा ओवता ओवता म्हणालात, “यादी केलीत तर मी येणार नाही.” मग शिक्षकांच्या मुलांसकट सगळ्यांचे गणवेश धुऊन, बटणं लावून एकाच ढिगात आले आणि ज्याला जे माप हवं ते त्याने उचललं. पावसात कपडे वाळत नाहीत, बुरशीचे ठिपके पडतात, म्हणून जादा जोड सगळ्यांनाच हवा असतो. कोणी कोणाचा घेतला, याची चर्चाही झाली नाही. बारावं ध्येय लिहिणाऱ्यांना हे सुचलं असतं की नाही, मला शंका आहे.

गणेशचवथीच्या तोंडावर तुमच्या घरी ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना तुम्ही येत राहिलात, हे आम्हाला ठाऊक आहे. जुन्या पँटींचे पाय कापून, तळ शिवून, कमरेच्या पट्ट्यांचे बंद लावून मुलांनी ज्या पिशव्या केल्या, त्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या, बाजारात मिरवल्या. काहींचे बंद वाकडे होते. माटोळीच्या जड सामानाला ते पुरले, म्हणजे टीप पक्की होती.

आता व्यवहाराचं. दोरा, सुया, रनर, एवढंच काय मशीनचा तुटलेला पट्टासुद्धा तुम्ही पदरच्या पैशांनी आणलात. पालक-शिक्षक संघाने ठरवलंय की यापुढे सामानाचा खर्च आणि तुमचं मानधन शाळा देईल. नाही म्हणू नका. ज्या कामाचे पैसे कोणी देत नाही, ते मुलं मोठेपणी कशाला करतील?

दिवाळीच्या सुट्टीनंतर पाचवी-सहावीसाठी तुम्हाला सोयीचा वार कळवा. मशीन आणायला पिकअप पाठवतो, रिक्षात कोंबून आणू नका.

तुमची,
आठवीची वर्गशिक्षिका