मंत्रीसाहेब, पोर्टलं पुरे झाली, आता ती वाचणारी माणसं द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कोकणातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आरोग्याच्या डेटावर काम करणाऱ्यांसाठी कायमची पदं निर्माण करण्याबाबत.

साहेब, नमस्कार.

अलिबाग, सिंधुदुर्ग आणि मग रत्नागिरी, अशी तीन सरकारी मेडिकल कॉलेजं गेल्या काही वर्षांत कोकणाला मिळाली. त्याबद्दल आधी आभार मानतो, कारण आमच्याकडे काही मिळालं की आभार मानायच्या आधीच तक्रार सुरू होते. डॉक्टर कमी आहेत, प्राध्यापक कमी आहेत, हे पेपरात येत असतंच आणि तुमच्या टेबलावरही असणारच, त्यावर मी वेगळं काय लिहिणार. मी लिहितोय ते ज्या पदासाठी आजवर कोणी मोर्चा काढला नाही आणि काढणारही नाही त्याच्याबद्दल, कारण असं पद असू शकतं हेच कोणाच्या डोक्यात नाही.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, आणि आता नव्याने आलंय म्हणून डेटा सायन्सपण शिकवतो, सीएचबीवर. म्हणजे तास घेतला की पैसे, मे महिन्यात काही नाही. त्याआधी काही वर्षं आरोग्याच्या एका प्रकल्पात कंत्राटी होतो, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक, मग परत ऑर्डर. त्यामुळे आरोग्य खात्याच्या आकड्यांची आतली बाजू थोडीफार बघितलेली आहे.

आता डेटा म्हणाल तर तो ढिगाने आहे. २००४ साली रोगसर्वेक्षणाचा आयडीएसपी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एस, पी आणि एल फॉर्म (संशयित, डॉक्टरच्या अंदाजाचे आणि लॅबने पक्के केलेले रुग्ण) कागदावर भरून आठवड्याला जायचे, २०२१ पासून आयएचआयपी हे ऑनलाईन पोर्टल आलं आणि तेच रोजच्या रोज मोबाईलवरून जायला लागलं. शिवाय दवाखान्यांच्या कामाच्या आकड्यांचं एचएमआयएस आहे, टीबीचं निक्षय आहे, माता-बाल आरोग्याचं वेगळं, आभा या आरोग्य ओळख क्रमांकाचं वेगळं. उपकेंद्रातली सिस्टर दुपारनंतर निम्मा वेळ फोनमध्ये मान घालून असते ती उगाच नाही. आमच्याकडच्या एका आशाताईला मी विचारलं होतं, ताई हे सगळं भरता त्याचं पुढे काय होतं, तर ती म्हणाली, "आमी भरतंव सर, फुडे खंय जाता ता माका म्हायत नाय." साहेब, ते पुण्याला जातं, मुंबईला जातं, दिल्लीला जातं, तिथे त्याचा एक रंगीत डॅशबोर्ड होतो, त्यावर सिंधुदुर्ग हिरवा किंवा लाल दिसतो, झालं. जाळी भरून मासळी बंदराला लागते आणि बंदरात बर्फ नाही, तसला प्रकार आहे हा.

लेप्टोचं, म्हणजे उंदराच्या मुतातून पाण्या-चिखलात उतरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचं घ्या. जून-जुलैत लावणी, चिखलात दिवसभर पाय, पायाला कातरलेलं असतंच, बांधाबांधाला उंदीर, आणि मग ताप. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण एक-दोन आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. म्हणजे कुठल्या मंडळात किती पाऊस पडला, लावणी कधी सुरू झाली, पाणी किती दिवस तुंबलं, हे जर रोजच्या तापाच्या आकड्यांशेजारी ठेवून बघितलं तर डॉक्सीसायक्लिनच्या (लेप्टोवरच्या अँटिबायोटिकच्या) गोळ्या कुठल्या गावात आधी पोचवायच्या याचा अंदाज निदान चार दिवस आधी लागायला हरकत नाही. पावसाचे आकडे महावेध या हवामान केंद्रांच्या योजनेतल्या यंत्रांवरून महसूल मंडळाप्रमाणे येतात, तेपण सरकारचेच आहेत. फक्त ते कृषी खात्याकडे आणि ताप आरोग्य खात्याकडे. हे दोन तक्ते जोडायला रॉकेट सायन्स लागत नाही, माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी जोडतील, पण जोडलेल्याचा अर्थ लावायला मात्र अनुभवी माणूस लागतो, कारण एखाद्या पीएचसीत लेप्टो वाढला असं दिसतं तेव्हा कधीकधी तिथे नुसता नवीन लॅब टेक्निशियन आलेला असतो आणि टेस्टिंग वाढलेलं असतं. हे मुंबईत बसून कळत नाही.

माकडताप तर आमच्या दोडामार्गात २०१६ साली आला, नंतर बांदा-सावंतवाडीकडे सरकला. हा रोग पहिल्यांदा १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, म्हणजे नवीन काही नव्हता, सह्याद्रीच्या कडेकडेने वर आला. गोचिडीमार्फत होतो, आणि जानेवारीपासून पावसापर्यंतचा त्याचा जो सीझन तोच आमचा काजूचा सीझन, तेव्हा बागेत जाऊ नका म्हणून सांगणं म्हणजे वर्षाची कमाई सोडा म्हणून सांगणं. माकड मेलं की पहिली खबर वनखात्याला नाहीतर ग्रामपंचायतीला, गोचिडींचं काम पशुसंवर्धन आणि आरोग्याच्या वेगळ्या टीमकडे, माणसाचा ताप पीएचसीकडे, आणि माणूस जास्त आजारी झाला की सरळ गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला. तिथला केसपेपर गोवा सरकारचा. एका तालुक्याच्या एका रोगाची माहिती दोन राज्यांत आणि चार खात्यांत विखुरलेली आहे. ती एकत्र ठेवून दर वर्षी त्यावर काम करत राहणारा माणूस पूर्ण जिल्ह्यात मला तरी माहीत नाही. साथ आली की पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेतून टीम येते, चांगली कामं करते, परत जाते.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही. कुठलाही दर काढायचा तर खाली लोकसंख्या लागते. ती आपण अजून २०११ च्या जनगणनेवरून आणतो. त्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झाली होती, सिंधुदुर्गची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली, रत्नागिरीत तर हजार पुरुषांमागे ११०० च्या वर बायका होत्या, कारण बाप्ये मुंबईला. आणि हीच लोकसंख्या गणपतीत आणि शिमग्यात कितीतरी फुगते. चाकरमानी एसटीने, रेल्वेने येतात, ताप गावात येतो, तपासणी परळला जाऊन होते, नोंद मुंबईची. टीबीचा पेशंट नोंदवला जातो भांडुपला आणि औषध खायला आईकडे येतो राजापूरला. म्हातारी माणसं गावात असल्यामुळे बीपी-शुगरचं प्रमाण जिल्ह्यात जास्त दिसतं, मग वयाप्रमाणे समायोजन न करता कोणीतरी बातमी छापतो की कोकणी माणूस आजारी पडतोय. अहो तरुण कोकणी माणूस डोंबिवलीत आजारी पडतोय, त्याची मोजणी तिकडे होते! हा प्रश्न सोडवणं म्हणजे अख्ख्या करिअरचं काम आहे, चांगल्यातल्या चांगल्या पीएचडीचा विषय आहे, आणि स्थलांतर होणाऱ्या कुठल्याही जिल्ह्याला उपयोगी पडेल असा आहे.

पण करणार कोण? इथे मूळ मुद्दा येतो. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या डिपार्टमेंटला फार तर स्टॅटिस्टिशियनचं एक पद असतं, ते बऱ्याचदा रिकामं नाहीतर कंत्राटी, आणि भरलेलं असेल तर त्या माणसाचं आयुष्य "सर माझ्या थिसिसचं सॅम्पल साईझ काढून द्या, मॅडम पी व्हॅल्यू काढून द्या" यातच जातं. तो स्वतःचं संशोधन कधी करणार? आणि केलं तरी पेपरवर त्याचं नाव सहावं-सातवं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के मार्क, बाकीच्या सहलेखकांना ३० टक्के. पाच वर्षं बसून कोणी एखाद्या जिल्ह्याचा डेटा साफ केला, गावांची नावं जुळवली (एकच गाव तीन पोर्टलांवर तीन स्पेलिंगने असतं, हा एक वेगळाच छळ), तर प्रमोशनच्या फॉर्ममध्ये त्या कामाला रकानाच नाही.

पात्रतेचं तर विचारूच नका. नेटच्या यादीत सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ हा विषय आहे, स्टॅटिस्टिक्स सीएसआयआरच्या मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये येतं, डेटा सायन्स हा वेगळा विषय म्हणून नाहीच. मग ज्या मुलीने एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करून पुढे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) केलं तिला एक कॉलेज म्हणतं तुमचा मूळ विषय गणिताकडचा, दुसरं म्हणतं तुम्ही आता आरोग्याकडे गेलात. मला स्वतःला एका मुलाखतीत, कुठल्या ते नको, विचारलं होतं की तुम्ही डॉक्टर आहात की क्लार्क. हसले सगळे. मीपण हसलो, काय करणार.

तेव्हा हुशार पोरं जातात हिंजवडीला, बेंगळुरूला. कोण कर्ज बुडवेल याचा अंदाज बांधायचे पैसे कोणाला लेप्टो होईल याचा अंदाज बांधण्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त मिळतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. ज्यांना खरंच हे काम करायचंय ती चेन्नईला आयसीएमआरच्या एनआयई या साथरोगशास्त्राच्या संस्थेत जातात, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रामध्ये जातात, देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेत जातात, शिकून तयार होतात, आणि मग बघतात की घराजवळ परत यायला एकही खुर्ची नाही.

कोणी म्हणेल खेड्यात बसून कसलं आलंय संशोधन. साहेब, डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यात बिरवाडीच्या पीएचसीत आले, विंचू चावून पोरं मरताना बघितली, आणि प्रत्येक पेशंटजवळ बसून घाम, नाडी, बीपी, हातपाय गार पडणं, कधी काय झालं ते लिहून ठेवत गेले. त्या टिपणांतून १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये लेख आला, पुढे प्राझोसिन या बीपीच्या औषधाचा उपचार आला, मृत्यू झपाट्याने खाली आले. २०११ मध्ये महाडमधल्याच पेशंटवरचा नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष यांचा तुलनात्मक अभ्यास बीएमजे या जर्नलमध्ये छापून आला. २०२२ ला पद्मश्री. हे सगळं कोकणातल्या पेशंटच्या नीट ठेवलेल्या नोंदींवर उभं राहिलंय. फक्त मला एक खटकतं, आपण अशा माणसाचा सत्कार करतो आणि त्यांनी ते स्वतःच्या जिद्दीवर केलं यालाच धोरण समजतो. दर पिढीला एक बावस्कर फुकटात मिळेल यावर जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था चालवता येणार नाही.

हल्ली कुठेही गेलं की ऐकायला मिळतं, एआय करेल, कन्सल्टंट नेमू. कन्सल्टंट येतो, पीपीटी देतो, जातो. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल आमच्या दोडामार्गच्या तापाला डेंगी म्हणेल, कारण त्याने माकडताप पाहिलेलाच नसेल. आणि प्रायव्हसीचा प्रश्न वेगळाच आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, ठीक, नाव आणि फोन नंबर काढून टाकला की झालं असं सगळे समजतात. तीस घरांच्या वाडीत "महिला, वय ६२, माकडताप" एवढं लिहिलं की पूर्ण पंचक्रोशीला कळतं कोण ते. टीबी किंवा एचआयव्हीचं असेल तर त्या घराचं काय होतं ते मी सांगायला नको. अशा डेटाला जबाबदार, उद्या चूक झाली तर गावात तोंड दाखवायला लागेल असा माणूस हवा. टेंडर घेणारी कंपनी तोंड दाखवायला येत नाही.

मागणी मोठी नाही. तिन्ही कॉलेजांत पीएसएमखाली किंवा स्वतंत्र, आरोग्य डेटाचे दोन-दोन कायमचे प्राध्यापक, डॉक्टर असण्याची अट नको, आणि सहाय्यक ते सहयोगी ते प्राध्यापक अशी पूर्ण पायरी द्या, नाहीतर तो माणूस सहाय्यक म्हणूनच रिटायर होईल आणि हे बघून पुढचा कोणी येणार नाही. जाहिरातीत स्टॅटिस्टिक्स, डेटा सायन्स, एमपीएच, लोकसंख्याशास्त्र यातलं काहीही चालेल असं स्पष्ट लिहा. नीट तयार केलेल्या डेटासेटला आणि जिल्ह्याला दिलेल्या रिपोर्टला प्रमोशनमध्ये मार्क धरा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने डॉक्टर नसलेल्यांना पीएचडी गाईड म्हणून या विषयात मोकळेपणाने मान्यता द्यावी, आणि बांबोळीच्या नोंदींसाठी गोवा सरकारशी एकदा लेखी करार करावा, हे काम राज्याच्या पातळीवरच होऊ शकतं, आमच्या कलेक्टरच्या हातात ते नाही.

एक अडचण मलाही कळते. कॉलेजं तुमच्याकडे, डेटा सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, आणि डेटा सायन्स शिकलेली पोरं उच्च व तंत्र शिक्षणाकडे. तीन खाती, तीन सचिव. आमची फाईल यातल्या कोणाची हेच ठरत नाही आणि म्हणून ती कोणाच्याच टेबलावर नसते. या पदावरच्या माणसाचा अर्धा वेळ कॉलेजात आणि अर्धा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाईल असं ठरवलंत, तर पगार कोणी द्यायचा यावर वर्षभर पत्रव्यवहार चालेल हेपण दिसतंय मला. म्हणून पत्र तुम्हाला लिहिलंय, कारण पद मंजूर करून घेणं निदान तुमच्या खात्याच्या हातात आहे, बाकीचे दोघे नंतर येतील.

तिघांची एक बैठक लावता आली तर बघा. ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या मुख्यालयात लावा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, लेप्टो भरात असताना. डेटा मी घेऊन येतो, तोपर्यंत परवानगीचं पत्र मिळालं तर.

आपला,
सिंधुदुर्गातला एक सीएचबी शिक्षक