सांगाड्यावरचे खडूचे आकडे

कोल्हापूर

आदरणीय मिस्त्री यांस,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो असतो, तर आपण नेहमीप्रमाणे "असू दे, चहा सांगा" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

मी बँकेत नोकरी करणारा माणूस. रंकाळ्याजवळच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, दर शनिवार-रविवारी शेतातल्या वाटांवर चालेल अशी दोन आसनी बग्गी बांधण्याचा घाट मी घातला आहे. जुन्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन गिअरबॉक्ससकट मागे बसवले की तेच मागची चाके फिरवील, एवढा हिशेब कागदावर सोपा होता. प्रत्यक्षात सांगाड्याच्या तळाच्या चौकटीनेच मला अडवले. एका रविवारी उत्साहाच्या भरात डाव्या बाजूचे सगळे जोड मी वेल्डिंगने एका दमात भरून टाकले, आणि सोमवारी सकाळी मोजले तेव्हा दोन कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक निघाला.

शिवाजी उद्यमनगरातील आपल्या शेडवर मी आलो, तो पाइप ठोकून सरळ करून मिळेल का एवढेच विचारायला. आपण मात्र काम बंद झाल्यावर, हातपाय धुऊन, त्याच संध्याकाळी घरी आलात, चौकटीभोवती दोन फेऱ्या मारल्यात आणि म्हणालात, "लोखंड थंड होताना ओढतंय. ते ओढणारच. दोन्हीकडनं सारखं ओढाय लावायचं, एवढंच आपल्या हातात."

पुढच्या शनिवारी आपण ग्राइंडर माझ्याच हातात दिलात. स्वतः केलेले चार जोड स्वतःच कापताना वाईट वाटले, हे कबूल करतो. मग चौकट दोन गर्डरांवर शिकंज्यांनी आवळून आपण माझ्याकडून फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून घेतले, आणि प्रत्येक टाक्यानंतर टेपचे एक टोक स्वतः धरून दोन्ही कर्ण मोजले. त्यानंतर खिशातला खडू काढून कोणता जोड कितवा भरायचा ते आकडे पाइपवर लिहिलेत: १ पुढे डावीकडे, २ मागे उजवीकडे, असे समोरासमोरचे कोपरे धरून, एका वेळी जेमतेम इंचभर. संपूर्ण दुपारभर आपण वेल्डिंगच्या होल्डरला हात लावला नाही. त्या क्षणी मला त्याचा थोडा रागच आला होता, कारण आपल्या हाताने तेच काम तासाभरात उरकले असते. संध्याकाळी शिकंजे सोडले तेव्हा फरक २ मिलिमीटर होता. आपण "चालतंय" म्हणालात. माझ्या लेखी ते प्रशस्तिपत्रकच आहे.

मारुतीच्या पुढच्या चाकांची जोडणीच मागे आल्यामुळे मागच्या चाकांची स्टिअरिंगची जोडणी ठरावीक लांबीच्या रॉडने पक्की बांधून टाकली पाहिजे, नाहीतर मागची चाकेही वळू पाहतील, हे जाता जाता आपण सांगितले नसते, तर ती चूक मी पन्हाळ्याच्या पायथ्याशी मामांच्या शेतात पहिल्याच उतारावर शिकलो असतो. (गाडी शेताबाहेर काढणार नाही, नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, हे आईला दर रविवारी सांगावे लागते.)

मजुरी आपण घेतली नाहीत, निदान लेथवर करून दिलेल्या बुशांचे पैसे तरी घ्यावेत. इंजिनाचे माउंटिंग या रविवारी बसले आहे. सांगाड्याला रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारायचे मात्र थांबवले आहे, कारण खडूचे आकडे अजून तसेच आहेत आणि ते झाकण्याआधी सगळे जोड आपण एकदा नजरेखालून घालावेत, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
रंकाळ्याजवळचा बँकवाला