परदेशी वैमानिक परवाना: अडतं ते लॉगबुकात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाला परदेशात कमर्शियल पायलट करायचं म्हणून घरं गहाण पडतात. पण तिथला परवाना दाखवून इथे विमान उडवता येत नाही. त्यावरून डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, भारतीय परवाना काढावा लागतो. आणि मुलं अडकतात ती बहुतेक वेळा लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत, आणि तारखांत.

भारतीय नियमाला उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला वैमानिक म्हणून. अमेरिकेत दोन मुलं एकाच विमानात बसतात. एक जण हूड, म्हणजे बाहेरचं दिसू न देणारी झापड, लावून फक्त उपकरणांवर उडवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर नजर ठेवतो, आणि तोच वेळ दोघंही पीआयसीच्या रकान्यात लिहितात. तिथे ते नियमात बसतं, इथे सेफ्टी पायलटचे तास पीआयसीत धरत नाहीत. खासगी परवाना मिळाल्यावर इन्स्ट्रक्टर शेजारी असलेले तासही तिथे पीआयसी म्हणून लिहिता येतात. इथे ते ड्युअलच, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचे शिकण्याचे तास. २५० तासांची वही घेऊन आलेल्या मुलाचे १०० भरत नाहीत ते यामुळे. वहीतले १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं, १ तास ३० नव्हे, हेही बेरजेत चुकतं.

दुसरी अडचण सहा महिन्यांची. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत १५ तास पीआयसी आणि रात्रीचे ५ तास, त्यात किमान १० टेकऑफ-लँडिंग, झालेले असावे लागतात. मुलगा परततो, मग बोर्डाकडून गुणपत्रिकांची पडताळणी, डीजीसीएच्या परीक्षांसाठी लागणारा कॉम्प्युटर नंबर, परदेशी परवानाधारकांचा नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित कंपोझिट पेपर, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा असं एकेक सुरू करतो. परदेशी प्राधिकरणाकडून परवाना खरा असल्याचं उत्तर यायलाही वेळ लागतो. तोवर सहा महिने उलटतात आणि तेच तास पुन्हा पैसे भरून उडावे लागतात. वेळ जातो तो कागदांत, भुर्दंड बसतो उड्डाणाचा. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं.

क्रम उलटा ठेवावा. फ्लाइंग स्कूलची फी भरण्यापूर्वीच डीजीसीएची आधी क्लास टू, मग कमर्शियल परवान्याला लागणारी क्लास वन वैद्यकीय तपासणी भारतातच करून घ्यावी. परदेशी मेडिकलवर इथला परवाना मिळत नाही, आणि रंगदृष्टीचा दोष परत आल्यावर कळला तर सगळा खर्च पाण्यात. कॉम्प्युटर नंबर जाण्यापूर्वीच काढावा. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), रेग्युलेशन्स (हवाई नियम) हे डीजीसीएचे पेपरही तेव्हाच द्यावेत. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात.

पालकांना एक कळकळीची विनंती. फ्लाइंग स्कूलच्या करारात नुसते ‘२०० तास’ मान्य करू नका. सेफ्टी पायलट आणि ड्युअल वगळून पीआयसी किती, क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी केलेल्या उड्डाणांचं, पीआयसी २० तास आहे का, त्यात ३०० नॉटिकल मैलांचं, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेलं उड्डाण आहे का, हे रकान्यागणिक लिहून घ्या.

आपले,
वैमानिक प्रशिक्षणातील काही वाचक